राहुल कुठे झोपला?



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यावस्त्यांतून बालसंस्कार शिबिरे भरतात, श्रामणेर शिबिरे होतात. सुट्ट्यांत अजिंठा-वेरूळच्या सहली निघतात. अशोक विजयादशमीला मुलांचे जथे नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जातात, सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जातात. या प्रत्येक कार्यक्रमाची आपण किती तयारी करतो! वर्गणी जमते, गाडी ठरते, भोजनदानाचे दाते मिळवले जातात, कोणत्या दिवशी कोणाचे प्रवचन ते पत्रिकेवर छापले जाते. परंतु एक गोष्ट त्या पत्रिकेवर कधीच नसते. रात्री मुले कुठे झोपणार, कोणाच्या शेजारी झोपणार, आणि मध्यरात्री एखादे मूल घाबरून उठले तर ते कोणाकडे जाणार, याविषयी आपण एक ओळही लिहीत नाही.

हा सतरंज्यांचा आणि जागेचा प्रश्न आहे, तो ऐन वेळी कोणीतरी कार्यकर्ता सोडवील, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की, हा शीलाचा प्रश्न आहे. आणि तो मी दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी मांडत नाही; माझ्या स्वतःच्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका दहा दिवसांच्या शिबिराची व्यवस्था माझ्याकडे होती. मुक्कामाला एका शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. चौथ्या रात्री अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा चादर काखेत घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "काका, मी इथं तुमच्याजवळ झोपू? मला तिकडं नाही झोपायचं." तिकडे म्हणजे त्या दुसऱ्या खोलीत. तिथे सर्वांना आदरणीय असे एक वडीलधारे गृहस्थ मुलांसोबत एकटेच झोपत. दिवसभराच्या कामाने मी दमलो होतो. मी म्हणालो, "अरे, एवढी मोठी माणसं तुमच्यासोबत आहेत, भ्यायचं काय त्यात? जा, त्रिसरण म्हण आणि झोप." तो गेला. दुसऱ्या दिवशी मामाला निरोप धाडून तो घरी निघून गेला, आणि पुढे कोणत्याच शिबिराला आला नाही.

त्या खोलीत काही घडले होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित उंदीर असतील, कदाचित घरची आठवण आली असेल. मला ठाऊक नाही याचे कारण एवढेच की मी विचारले नाही. आणि मी विचारले नाही, कारण त्या गृहस्थांविषयी तसला प्रश्न मनात आणणे हाच मला अपराध वाटला.

वाचकहो, आपला आजचा प्रश्न तो हाच. ज्यांना आपण आदर देतो त्यांना झोपण्याबसण्याचे नियम लावणे, हा त्यांचा अपमान आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात आहे. भदन्त अनुरुद्ध हे तथागतांच्या श्रेष्ठ शिष्यांपैकी एक. ते कोसल देशातून श्रावस्तीकडे जात असता संध्याकाळी एका गावी पोचले आणि एका स्त्रीने चालविलेल्या धर्मशाळेत एका रात्रीचा आसरा घेतला. रात्री त्या स्त्रीने त्यांना मोहात पाडण्याचा प्रयत्न केला. अनुरुद्ध ढळले नाहीत. शेवटी तिने क्षमा मागितली आणि त्यांनी तिला धम्म सांगितला. या कथेतून स्त्रीजातीला दोष देणारे काही लोक भेटतात; त्यांच्या हातून मुद्दा निसटतो. मुद्दा असा की, अनुरुद्धांच्या हातून काहीही वावगे घडले नव्हते. तरीही हकीकत कळल्यावर तथागतांनी त्यांची स्तुती करून विषय मिटविला नाही. स्त्रीसोबत एकाच शयनस्थानी झोपलातच कसे, असे त्यांनी अनुरुद्धांना विचारले आणि सर्व भिक्खूंसाठी पाचित्तियाचा नियम घालून दिला.

हे नीट लक्षात घ्या. नियम घालण्याचे निमित्त दुर्जन नव्हता, सज्जन होता. तथागतांनी असे म्हटले नाही की, अनुरुद्धांसारख्यांना नियमाची गरज नाही, तो इतरांसाठी ठेवू. कारण शीलवान कोण आणि दुःशील कोण हे कपाळावर लिहिलेले नसते. नियम फक्त संशयितांना लावायचा म्हटले, तर प्रत्येक वेळी कोणावर तरी संशय घ्यावा लागेल. आणि तो घेण्याचे धैर्य माझ्यासारख्या दमलेल्या व्यवस्थापकाला रात्री अकरा वाजता होणार नाही. नियम सर्वांना सारखा असला की संशय घेण्याचे कारणच उरत नाही. तेव्हा नियम म्हणजे अविश्वास नव्हे. माझ्या शिबिरात "कोणीही मोठा माणूस मुलांसोबत एकटा झोपणार नाही" एवढा एकच नियम असता, तर त्या गृहस्थांचा अपमान झाला नसता, आणि त्या मुलाला चादर घेऊन माझ्या दारी यावे लागले नसते.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांत असे घडत नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून २००७ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले. मुलगे यातून सुटले नव्हते. शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. धोका अंधारातल्या अनोळखी माणसाकडून असतो असे आपण समजतो. तो पुष्कळदा आपण ज्याच्या हाती मुलाचा हात देतो त्याच्याकडून असतो.

परदेशातील एक उदाहरण पाहा. अमेरिकेतील बॉय स्काउट्स ही १९१० साली निघालेली, सहली आणि तंबूतील मुक्काम यांसाठीच प्रसिद्ध असलेली संघटना. संशयित पुढाऱ्यांच्या फायली ती अनेक दशके आपल्या कपाटात गुप्त ठेवीत होती. १९६५ ते १९८५ या काळातील हजारावर फायली न्यायालयाच्या आदेशाने २०१२ साली उघड झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लहानपणी शोषण झाल्याचा दावा करणारे ८२ हजारांहून अधिक लोक पुढे आले. आणि हे ख्रिस्ती देशात घडते, बौद्धांत नाही, असेही म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये, बौद्ध गुरूंकडून शोषण सोसलेल्या काही व्यक्ती दलाई लामांना भेटल्या. अशा गोष्टी १९९० च्या दशकापासून आपल्या कानावर असल्याचे त्यांनी त्या वेळी मान्य केले. चीवर अंगावर आहे, पंचशील मुखोद्गत आहे, घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, यांपैकी कशानेही मुलाचे रक्षण आपोआप होत नाही.

कालामांना उपदेश करताना तथागतांनी स्पष्ट सांगितले की, हा श्रमण आमचा गुरू आहे एवढ्यावरून काही मानू नका. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला. माणूस कितीही थोर असो, त्याच्या पायी आपले स्वातंत्र्य वाहू नये, हे त्या इशाऱ्याचे सार. तो इशारा राजकारणापुरता होता असे समजून आपण विहाराच्या दारात भक्तीला पुन्हा आत घेणार काय?

आता दुसरी बाजू. नियम करणे सोपे असते, आणि नियम करून मोकळे होणे त्याहून सोपे असते. यासाठी राहुलाची कथा प्रत्येक शिबिरसंयोजकाने मनात कोरून ठेवावी.

आळवी नगरात उपासक धम्मश्रवणाला येत. प्रवचन संपल्यावर थेर भिक्खू आपापल्या निवासात जात, पण नवे भिक्खू तिथेच सभागृहात उपासकांसोबत झोपत. ते बेसावध झोपत, वस्त्राचे भान राहत नसे, कोणी बडबडे, कोणी घोरे. लोकांनी नाराजी व्यक्त केली, तेव्हा उपसंपदा न झालेल्यांसोबत भिक्खूने झोपू नये असा नियम झाला. पुढे तथागत कोसंबीला बदरिकारामात आले. तिथल्या भिक्खूंनी श्रामणेर राहुलाला सांगितले की, नियम झाला आहे, तू आपली झोपण्याची जागा पाहा. त्या मुलाला जागा मिळाली नाही, आणि त्याने रात्र शौचकूपात काढली. पहाटेच्या सुमारास तथागत तिकडे गेले, खाकरले. आतून राहुल खाकरला. कोण आहे, असे त्यांनी विचारले. मी राहुल, असे उत्तर आले. इथे का बसलास, असे विचारल्यावर त्याने सर्व हकीकत सांगितली. जातक अट्ठकथा सांगते की, तथागतांनी सकाळीच सारिपुत्तांना राहुलाविषयी विचारले. राहुलाची ही गत केलीत, तर इतर मुलांचे काय करणार, ही त्यांची चिंता होती. मग त्यांनी नियम मोडून टाकला नाही, सुधारला. दोन-तीन रात्रीपर्यंत सोबत झोपण्याची मोकळीक दिली.

भिक्खूंनी नियम पाळला होता. अक्षराने पाहिले तर कोणाचीच चूक नव्हती. पण नियम पाळण्याच्या गडबडीत मुलाची जागा पाहायची राहून गेली. ज्या नियमाने मोठ्यांचा बचाव होतो आणि मूल शौचकूपात झोपते, तो नियम अपुरा आहे. झोपण्याचा नियम पूर्ण झाला की नाही याची कसोटी एकच: राहुल कुठे झोपला?

ही कसोटी आपल्याला दोन ठिकाणी लावायची आहे. पहिले ठिकाण मुलींचे. "मुक्कामी सहल आहे, जबाबदारी कोण घेणार? मुलींना नको," असे किती सहज म्हटले जाते! दोन महिला कार्यकर्त्या मिळविण्याचे कष्ट नकोत म्हणून वीस मुलींना अजिंठा पाहू द्यायचा नाही, हे सुरक्षिततेच्या नावाखाली मुलीलाच बाहेर ठेवणे झाले. मुलींसाठी स्वतंत्र खोली आणि सोबत किमान दोन जबाबदार स्त्रिया, ही सोय होत नसेल तर सहलीची तारीख पुढे ढकला, मुली वगळू नका.

दुसरे ठिकाण गरिबीचे. "आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण वाढलो, एका वाकळेत चौघे झोपलो, आमचे काय बिघडले?" असे म्हणणारे वडील माणूस प्रत्येक सभेत असते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण एका वाकळेत झोपावे लागले ती आपली लाचारी होती, संस्कृती नव्हती. शिवाय कोणाकोणाचे काय बिघडले हे सांगायला सगळेच उभे राहिलेले नाहीत. ज्या मुलाच्या घरी जादा चादर नाही, ते मूल शिबिराला अंथरुणावाचून येते आणि रात्री कोणाच्या तरी पांघरुणात शिरते. त्याला "चादर का आणली नाहीस" म्हणून सर्वांदेखत विचारू नका. भोजनदानाचे दाते मिळवता तसे चादरींचे दाते मिळवा. दहा जादा सतरंज्या आणि वीस जादा चादरी, हेही दान पारमितेतच मोडते.

प्रत्यक्षात काय करावे? फार अवघड नाही. अजिंठ्याला मुलांना घेऊन जाल तेव्हा बाराव्या लेण्यात थांबा. मधे सभामंडप, तीन बाजूंना मिळून बारा खोल्या, प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे, आणि सगळ्या खोल्यांची दारे त्या एकाच मंडपात उघडणारी. झोपण्याची जागा आधी ठरवावी लागते, हे ते लेणे कोरणाऱ्यांना ठाऊक होते.

आपण एवढे ठरवू. प्रत्येक मुलाला स्वतःचे अंथरूण आणि पांघरूण. मुलगे वेगळ्या खोलीत, मुली वेगळ्या खोलीत, आणि त्यांतही लहान वयाचे एकीकडे, मोठ्या वयाचे दुसरीकडे. कारण मोठ्या मुलाकडूनही लहानाला त्रास होऊ शकतो. मोठी माणसे मुलांच्या ओळीत झोपणार नाहीत. एकच सभागृह असेल तर मोठ्यांनी दाराशी, उघड्यावर, आणि किमान दोघांनी मिळून झोपावे. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद दाराआड, मग ते मार्गदर्शनासाठी असो, पाय चेपण्यासाठी असो की आजारपणात असो, कधीही नाही. मूल आजारी पडले तर जवळ दोघे बसतील. रात्रभर एक दिवा जळता राहील. शौचाला मुले जोडीने जातील आणि वाटेवर उजेड असेल. दाराला बाहेरून कुलूप लागणार नाही, कारण आग लागली किंवा साप निघाला तर मुलांना बाहेर पडता आले पाहिजे. रात्रीच्या गाडीत मूल आपल्या भावंडाजवळ किंवा बरोबरीच्या मुलाजवळ बसेल. आणि हे नियम आधी कोणी पाळायचे? भन्तेजींनी, अध्यक्षांनी, सर्वांत जुन्या कार्यकर्त्याने. अनुरुद्धांना जे लागू होते ते आपल्याला लागू नाही, असे म्हणण्याइतके मोठे आपल्यात कोणी नाही.

एवढे करूनही काही घडले तर मुलाने सांगावे कोणाला? पहिल्याच दिवशी सर्व मुलांसमोर दोन माणसांची नावे सांगा. त्यांतली एक स्त्री असावी. घरी फोन करायची मुभा प्रत्येक मुलाला असावी, आणि त्यासाठी कारण विचारू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. विनयात विशाखेची हकीकत आहे. भिक्खू उदायी एका तरुण मुलीसोबत एकांतात बसलेला तिने पाहिला. तिने त्याला हटकले, त्याने ऐकले नाही, तेव्हा तिने ते इतर भिक्खूंच्या कानावर घातले. "तू बाई, तुला संघातले काय कळते," असे तिला कोणी म्हटले नाही. उलट, विश्वासार्ह उपासिकेने असे काही पाहिल्याचे सांगितले तर संघाने त्याची दखल घ्यावी, असा नियमच झाला.

खोट्या आरोपाचे भय अनेकांना वाटते. ते विनयालाही ठाऊक होते. संघात निवासस्थाने वाटून देण्याचे काम दब्ब मल्लपुत्त यांच्याकडे होते, आणि त्यांच्यावरच काही असंतुष्ट भिक्खूंनी खोटा आरोप करविला. तथागतांनी तो दाबला नाही आणि आंधळेपणाने मानलाही नाही. दब्बांना विचारले, आरोप करविणाऱ्यांनाही विचारले. तो खोटा ठरला आणि निराधार आरोपाविरुद्ध संघादिसेसाचा नियम झाला. म्हणजे उपाय चौकशीचा आहे, मुलाला गप्प करण्याचा नाही. शिवाय जो कार्यकर्ता मुलासोबत कधी एकांतात राहतच नाही, त्याच्यावर खोटा आरोप टिकणार कसा? नियम त्याचेही रक्षण करतो.

आणि ही चौकशी आपल्या पंचांनी रात्री बसून मिटविण्याची बाब राहिलेली नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला लोक पॉक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध कळविला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाची ओळख उघड करण्यासही कायद्याने बंदी आहे.

"पण समाजाची बदनामी होईल! विरोधक टपलेलेच आहेत," हा शेवटचा आक्षेप. बंधूंनो, तो मला सर्वांत जास्त बोचतो, कारण ही भाषा आपल्या ओळखीची आहे. आपल्या आयाबहिणींवर अत्याचार झाले तेव्हा गावातल्या पुढाऱ्यांनी हेच सांगितले होते, गावाची अब्रू जाईल, गप्प बसा, आपसांत मिटवा. आपण ते मानले नाही. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढलो, मोर्चे काढले. आता आपल्याच लेकराला आपण गावच्या पाटलाचे वाक्य ऐकवायचे काय? बदनामी अपराधाने होते, लपविण्याने दुप्पट होते. मूल बोलल्याने ती कधीच होत नाही.

चादर काखेत घेतलेला तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला असेल. त्याने आपल्या मुलांना शिबिराला पाठविले असेल का, हा विचार मला अधूनमधून छळतो. त्या रात्री त्याने माझ्याकडे धम्म मागितला नव्हता, हातभर जागा मागितली होती. आणि ती देणे हाच त्या वेळचा धम्म होता.

वाचकहो, यंदाच्या शिबिराची पत्रिका छापायला द्याल तेव्हा प्रवचनांच्या यादीखाली दोन ओळी वाढवा: मुले कुठे झोपतील, आणि रात्री त्यांच्यासाठी कोण जागे असेल. छापखान्याला त्याचे जादा पैसे पडणार नाहीत.

जयभीम.